गिऱ्हाइकाचे कपडे

लॉन्ड्रीवाले रोज दुपारचं जेवण उरकून बस पकडायचे आणि बायकोला भेटायला वृद्धाश्रमात जायचे. लॉन्ड्री बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. खालच्या गाळ्यात आता कुणी मोबाइलची कव्हरं विकत होतं. पण गल्लीत त्यांना अजून लॉन्ड्रीवालेच म्हणत आणि त्यांनाही ते बरं वाटे. वरच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत. बायको दोनदा गॅस सुरू ठेवून फिरायला गेली, तिसऱ्यांदा स्वतःच हरवली आणि पोलिसांनी परत आणून सोडली. मग लेकीने चार ठिकाणी चौकशी करून हे ठिकाण ठरवलं. लॉन्ड्रीवाल्यांनी विरोध केला नाही. गुडघे त्यांचेही गेलेले. दिवसभर तिच्यामागे जिना चढायचा-उतरायचा कुणी?

त्या दिवशी सिस्टरने त्यांना दारातच गाठलं. ही सिस्टर वयाने लेकीपेक्षाही लहान, पण बोलणं असं की खाष्ट सासूनेही ऐकावं. ती म्हणाली, काका, मावशी कपडे घालत नाहीयेत. सकाळी आम्ही स्वेटर चढवतो, पाठ फिरवली की काढून ठेवतात. मोजेही तसेच, शालही तशीच. आश्रमाचा तो पातळ गाऊन तेवढा अंगावर ठेवतात आणि खिडकीशी कुडकुडत बसतात. रागावलं तर आमच्यावरच रागावतात.

लॉन्ड्रीवाले आत गेले. खिडकीबाहेर थंडीचा कळकट उजेड होता. बायको खुर्चीत ताठ बसली होती, हात काखेत दाबून, ओठ जांभळे. आणि पलंगाच्या पायथ्याशी कपड्यांची चळत होती.

त्यांनी जवळ जाऊन चळत बघितली. साधी घडी नव्हती ती. बाह्या पाठीमागे, कॉलर वर, आणि कॉलरच्या आतली नावाची पट्टी बाहेरून वाचता येईल अशी. ही घडी ती आयुष्यभर घालत आली होती, धुतलेले कपडे गिऱ्हाइकाकडे परत जायचे तेव्हा.

लॉन्ड्रीत गिऱ्हाइकाच्या पहिल्या नावाला किंमत नव्हती. शर्ट आला की कॉलरच्या आत पांढऱ्या फितीचा तुकडा, त्यावर लाल दोऱ्याने आडनाव. इस्त्री लॉन्ड्रीवाल्यांची, सुई बायकोची. तिचे टाके असे बारीक, की गिऱ्हाइकांना वाटे छापलंय. घरातले कपडेही दुकानाच्याच पाण्यात पडत, म्हणून घरातल्या झाडून सगळ्या कपड्यांनाही पट्टी होती. आश्रमात भरती करताना तिथल्या बाईंनी सांगितलं, प्रत्येक कपड्यावर आडनाव हवं हं, नाहीतर अदलाबदल होते. लॉन्ड्रीवाले छाती फुगवून म्हणाले होते, आमच्याकडे ते आधीपासूनच आहे.

ते तिच्याशेजारी टेकले. अगं, घाल ना स्वेटर, म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, असं कसं घालू? गिऱ्हाइकाचा आहे."

त्या 'अहो'ने त्यांचा जीव क्षणभर सुपाएवढा झाला. संसारभर तिने त्यांना दुसरी हाक मारली नव्हती. पण तेवढ्यात नळ दुरुस्त करणारा आत आला आणि ती त्यालाही म्हणाली, अहो, पाय पुसून या.

मग त्यांनी समजावून बघितलं. हा तुझाच स्वेटर, तू स्वतः विणलास, त्या वर्षी तुझा खांदा दुखत होता. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, गिऱ्हाइकाची तक्रार ऐकावी तसं. मग कॉलर उलटी करून पट्टीवर अंगठा ठेवला.

"टाके माझेच आहेत. म्हणजे दुकानात आलेला कपडा आहे," ती म्हणाली. "पण नाव माझं नाही."

आणि तिने आपलं आडनाव सांगितलं. बापाचं.

किती वर्षांनी ऐकलं त्यांनी ते. तिचे वडील बेकरीत भट्टीवर होते. एक भाऊ लहानपणी गेला, दुसरा बिनलग्नाचा राहून गेला. त्या आडनावाचं दार आता कुठल्याच गल्लीत नव्हतं. आणि ते नाव असं समोर येऊन उभं राहिलं, जसा एखादा पाहुणा, ज्याला आपण कधीकाळी दारातून गोड बोलून वाटेला लावलं होतं.

निघताना सिस्टरने विचारलंच. "काका, मावशी सकाळपासून एक आडनाव सांगतायत. कुणाचं आहे? त्या नावाने हाक मारून बघू का?"

"असेल कुणीतरी जुनं गिऱ्हाईक," लॉन्ड्रीवाले म्हणाले. "तसली हाक मारू नका. अजून गोंधळ होईल."

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी त्यांना बाहेरचं काही दिसलं नाही. खोटं का बोललो, हे त्यांना नीट माहीत होतं. त्या नावाने हाक मारली आणि तिने ओ दिली, तर ती मुलगी ठरली असती. बेकरीवाल्याची, बिनलग्नाची. आणि बिनलग्नाच्या मुलीचा नवरा कुठून असणार? आता निदान तिच्या आठवणीच्या चाळणीत थोडं तरी उरत होतं. कधी ती त्यांचा हात धरायची, कधी इस्त्री बंद केली का म्हणून विचारायची. दार एकदा आतून लागलं की ते बाहेर.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. त्यांनी तिला फितीची गुंडाळी दाखवली, लाल दोरा दाखवला, आणि सांगितलं, आधी स्वतःच्या कपड्यांना लाव, हात बसेल. तिने सुई ओवली. मग थांबून विचारलं, की लग्न दोघांचं झालं, मग नाव माझं एकटीचंच का बदललं? भांडण्यासाठी नव्हतं विचारलं. चहात साखर किती, इतक्या सहज विचारलं होतं. त्यांच्या आईने आतून ऐकलं आणि तिथूनच उत्तर दिलं, आम्हाला कुणी विचारलं होतं का? आईपाशी बहुतेक प्रश्नांना तेवढं एकच उत्तर असे.

लॉन्ड्रीवाले तेव्हा पंचविशीतले, बायकोवर छाप पाडायच्या वयातले. त्यांनी फितीचा तुकडा तिच्या कॉलरवर धरला आणि म्हणाले, कपड्याला पट्टी का लावतो आपण? हरवू नये म्हणून. कुठेही गेला तरी ज्याचा त्याच्या घरी परत यावा. तसंच आहे हे.

स्वतःच्या हजरजबाबीपणावर ते इतके खूश झाले की पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट पाहुण्यांना सांगत. तिचं पुढचं वाक्य मात्र ते सांगत नसत. ती हसली होती आणि म्हणाली होती, "म्हणजे मी धुवायला आलेय तर."

आणि मग तिने शिवायला घेतलं. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. कपड्यांच्या बाबतीत ती त्यांच्याहून कडक निघाली. एकदा एका समारंभाला जायचं होतं, आणि दुकानात एक उंची कोट दोन महिने पडून होता. लॉन्ड्रीवाल्यांनी तो एका संध्याकाळपुरता अंगावर चढवला. बायकोने भर जिन्यात तो काढायला लावला. गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावायचा नाही, थंडीने मेलं तरी, असं तिने बजावलं, आणि चार दिवस त्यांना नुसतं वरण-भातासारखं बेचव बोलणं मिळालं. तेव्हापासून दुकानाचा तो कायदाच झाला. लेकही लहानपणी बाहुलीला दुसरीच्या बाहुलीचा झगा घालू देत नसे.

लेकीचा रात्रीचा फोन आला. तिला सगळं सांगावं लागलं, कारण सिस्टरने आधीच कळवलं होतं. लेक म्हणाली, बाबा, मग बदला ना पट्ट्या, आजोबांचं आडनाव घाला. लॉन्ड्रीवाले म्हणाले, तुला आठवतं तरी का ते?

"पाठ आहे. बँकवाले फोनवर विचारतात ना, ओळख पटवायला, आईचं माहेरचं आडनाव सांगा म्हणून," लेक म्हणाली. "तेवढ्यापुरतंच काय ते लागतं. बाकी कुणी विचारत नाही, म्हणून तर खूण म्हणून चालतं."

ती स्वतः दोन्ही आडनावं लावायची, बापाचं आणि नवऱ्याचं, आणि कुठल्याच चौकटीत मावायची नाही. आईचं लावायचं तिलाही कधी सुचलं नव्हतं. मग लॉन्ड्रीवाले म्हणाले, बघू. बघू म्हणजे नाही, हे लेकीला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्यांनी दुसरे उपाय केले. नवीन स्वेटर आणला, पट्टी नसलेला. तिने कॉलर तपासली, पट्टी नाही म्हणजे बेवारस माल, आणि बेवारस माल तर मुळीच वापरायचा नाही, कधी ना कधी मालक येतोच. रात्री ती झोपली की आया पांघरूण घालत. पहाटे जाग आली की पांघरुणाची घडी तयार. लॉन्ड्रीवाल्यांनी स्वतःचा कोट तिच्या खांद्यावर टाकला, तर तिने पट्टी वाचून तोही अदबीने परत दिला. त्या दिवशी ते कोट हातात घेऊन बसस्टॉपपर्यंत गेले. अंगात घालायचं लक्षातच आलं नाही.

मग तिला खोकला झाला. डॉक्टर म्हणाले, छातीत साठलंय, ऊब पाहिजे, असंच चाललं तर दवाखान्यात हलवावं लागेल आणि या वयात तिथून परत येण्याची खात्री देता येत नाही. हे त्यांनी तिच्यासमोरच सांगितलं. ती मान डोलावत होती, दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय अशी.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीवाले पोचले तेव्हा तिच्या अंगात स्वेटर होता. वरून शालही होती. त्यांना इतकं हायसं वाटलं की हातांकडे लक्षच गेलं नाही. मग गेलं. दोन्ही हातांना जाड कापडी पिशव्या घातल्या होत्या आणि मनगटाशी नाडीने बांधल्या होत्या. बटण काढता येऊ नये म्हणून. ती त्या पिशव्यांनी शालीचं टोक पकडायचा प्रयत्न करत होती. ते निसटत होतं. ती पुन्हा पकडत होती. नुसती कपाळाला आठी, काम अंगावर पडल्यावर असायची तशी.

सिस्टर मागे येऊन उभी राहिली. मान खाली घालून म्हणाली, काका, मलाही नाही बघवत. पण वरून सांगितलंय.

लॉन्ड्रीवाले खाली वाकले. गुडघे कुरकुरले. नाडीची गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. पिशव्या निघाल्या तसे तिचे हात लगेच कामाला लागले. आधी शाल, मग स्वेटर, घडी, कॉलर वर. त्यांनी अडवलं नाही. सगळी घडी होईपर्यंत ते तिथेच जमिनीवर बसून राहिले.

"ते गिऱ्हाईक नाही," ते सिस्टरला म्हणाले. "तिचं माहेरचं आडनाव आहे. मी खोटं बोललो."

"कळलं होतं मला," सिस्टर म्हणाली. "मावशी ज्या तऱ्हेने सांगत होत्या त्यावरून. गिऱ्हाइकाचं नाव कुणी इतक्या मायेने घेतं का?"

मग त्यांना हात देऊन उठवता उठवता, त्यांना बरं वाटावं म्हणून असेल, ती म्हणाली, की माझ्याकडे तर उलटीच तऱ्हा आहे. नवरा सगळं सामान घेऊन गेला, आडनाव तेवढं माझ्याकडे विसरून गेला. आता मुलीच्या शाळेसाठी तेच वापरतेय. लॉन्ड्रीवाल्यांना हसू आलं.

चळत पिशवीत भरून ते घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळीच टेबल खिडकीशी ओढलं. फितीची अर्धी गुंडाळी कपाटात होती, लाल दोराही होता. सुईत दोरा ओवायला खालच्या मोबाइलवाल्याला वर बोलवावं लागलं. त्याने विचारलं, आजोबा, काय शिवताय? ते म्हणाले, आजीचे कपडे परत पाठवायचेत.

जुने टाके उसवणं सगळ्यात जड गेलं. इतके घट्ट आणि बारीक, की ब्लेडचं टोकही आत जाईना. आपलंच आडनाव, एकेक अक्षर, लाल धाग्यांच्या कचऱ्यासारखं टेबलावर गोळा होत होतं. पट्टी निघाली की खालचं कापड दिसे. बाकीचा स्वेटर धुऊन धुऊन राखाडी पडला होता, आणि पट्टीखाली तेवढा चौकोन पहिल्या दिवसासारखा हिरवागार. तिला कुठला हिरवा आवडायचा ते त्यांना त्या चौकोनावरून आठवलं. त्यांनी त्यावर बोट फिरवलं. मग नवीन पट्टी लावून तो झाकून टाकला.

त्यांचा हात इस्त्रीचा. सुई बोटाला दोनदा डसली. बेकरीवाल्याचं आडनाव वाकडंतिकडं, लांब टाक्यांचं उमटलं, शाळेत पहिल्यांदा पाटी मिळालेल्या पोराने लिहावं तसं. स्वेटर झाला, शाल झाली, मोजे झाले, फ्लॅनेलचा गाऊन झाला. शेवटी त्यांनी माळ्यावरून जुनी इस्त्री काढली, प्रत्येक कपड्यावर फिरवली, आणि दुकानात बांधायचे तसं तपकिरी कागदात सुतळीने बांधलं. ती गाठ मात्र झकास बसली. त्या गाठीचे ते उस्ताद होते.

आश्रमात त्यांनी खोलीच्या दारावर टकटक केली. बायकोच्या खोलीवर त्यांनी उभ्या जन्मात टकटक केली नव्हती.

"बाई, कपडे आलेत तुमचे," ते म्हणाले.

अगं म्हणायची सवय झालेल्या जिभेला ते 'बाई' आणि 'तुमचे' परक्या घरातल्या ताटासारखं वाटलं. तिने खोकत खोकत मान वर केली. गठ्ठा मांडीवर घेतला, सुतळीची गाठ पाहिली, आणि खूश होऊन मान हलवली. गाठ ओळखीची वाटली असावी. बांधणारा नाही.

तिने स्वेटर काढला. कॉलर उलटली. अंगठा पट्टीवरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. लॉन्ड्रीवाले त्या अंगठ्याकडे बघत होते. पट्टी नाकारली तर दवाखाना होता, आणि स्वीकारली तर काय होतं तेही त्यांना माहीत होतं.

"माझाच आहे," ती म्हणाली. "कुठे कुठे शोधला नाही मी हा."

आणि तिने तो अंगात घातला. बटणं लावली, खालपासून वरपर्यंत. मोजे घातले. शाल गुंडाळून घेतली आणि हात आत ओढून घेतले. ओठांचा जांभळा रंग काही लगेच गेला नाही, पण खांदे खाली आले. किती दिवस ते कानाशी चिकटून होते.

"तुमच्या मालकांना सांगा," थोड्या वेळाने ती म्हणाली, "टाके फार लांब घातलेत. धुण्यात सुटतील."

"सांगतो."

"नवीन माणूस ठेवलाय का?"

"हो. शिकतोय अजून."

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग पुढे वाकून त्यांच्या कोटाची कॉलर हातात घेतली, अगदी सहज, दुकानात गिऱ्हाइकाची घेत असे तशी. पट्टी उलटून वाचली. त्यांचं आडनाव. तिच्याच हातचं.

"हा हात चांगला आहे," ती म्हणाली. "कुणी शिवलंय?"

"बायकोने."

"असते का ती? म्हणजे, आहे ना अजून?"

लॉन्ड्रीवाल्यांनी कागदाची घडी घालायला घेतली. अर्धी घातली, पुन्हा उलगडली.

"आहे," ते म्हणाले.

"मग तिच्याकडूनच करून घेत जा," ती म्हणाली, आणि त्यांची कॉलर नीट बसवून दिली.

तेवढ्यात जेवणघराच्या बाजूने चहासाठी हाका सुरू झाल्या. सिस्टर एकेक आडनाव घेत होती. लॉन्ड्रीवाल्यांचं आडनाव तिने घेतलं नाही. त्याच्या जागी बेकरीवाल्याचं घेतलं, जरा दबकत, बघून घ्यावं म्हणून.

बायको पहिल्या हाकेला उठली. ओ, आले, म्हणाली, आणि तो आवाज त्यांनी कधीच ऐकला नव्हता. कुठल्याशा घराच्या मागच्या अंगणातून, पिठाचे हात पुसत आलेल्या मुलीचा होता तो. शाल सावरत, खोकत, पण भराभर चालत ती दाराबाहेर पडली. तिने वळून पाहिलं नाही. कपडे पोचते करणाऱ्या माणसाकडे कोण वळून बघतं?

लॉन्ड्रीवाल्यांनी कागदाची घडी पुरी केली. सुतळी बोटांवर गुंडाळून खिशात टाकली, दुकानात टाकायचे तशी, पुढच्या गठ्ठ्यासाठी. मग ते पलंगाच्या पायथ्याशी बसले. तिथे आता एकही कपडा परत जायचा उरला नव्हता.